कावळा, फांदी आणि बावीस अक्षरं

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, तर आपल्याकडची शहाणी माणसं हसून सोडून देतात. संशोधकाला तसं सोडता येत नाही. या झाडावर दिवसाला कावळे किती बसतात, वर्षाकाठी फांद्या किती मोडतात आणि मग निव्वळ योगायोगानेच अशा किती गाठी पडल्या असत्या, हे त्याला आधी मोजावं लागतं. मायक्रोआरएनए नावाच्या चिमुकल्या रेणूंचा संगणकाच्या मदतीने जो अभ्यास गेली वीस-बावीस वर्षं चालू आहे, त्यातलं जे टिकलं ते हा हिशोब मांडून केलेलं होतं. जे वाहून गेलं, त्यातलं बरंचसं हा हिशोब टाळून केलेलं होतं. निदान माझं तरी असं मत झालं आहे, आणि हे पुस्तक त्या मतापोटीच लिहिलं गेलं.

मी पुण्यात जैवमाहितीशास्त्र शिकवते. पुणे विद्यापीठात या विषयाचं केंद्र १९८७ साली सुरू झालं, म्हणजे मायक्रोआरएनएवरचे पहिले शोधनिबंध छापून येण्याच्या सहा वर्षं आधी. तेव्हा आपल्या गावात हा विषय काही परवा-परवा आलेला नाही. माझ्या वर्गात मुलं दोन दारांनी येतात. जीवशास्त्राकडून येणाऱ्यांना संगणकाने दशांश चिन्हासकट छापलेला कुठलाही आकडा ब्रह्मवाक्य वाटतो. अभियांत्रिकीकडून येणाऱ्यांना डेटाबेसमधून उतरवून घेतलेला कुठलाही तक्ता धुतल्या तांदळासारखा वाटतो. दोन्हीकडे भक्ती सारखीच, दैवतं तेवढी वेगळी. या दोन्ही मुलांना एका बाकावर बसवून सांगण्यासारखं मराठीत काही सापडेना, म्हणून वर्गातल्या टिपणांचीच ही प्रकरणं झाली.

विषय थोडक्यात असा. आपल्या यकृतातल्या पेशीत आणि डोळ्यातल्या पेशीत डीएनए तेच असतं. फरक पडतो तो कुठलं जनुक कुठे, केव्हा आणि किती चालतं यामुळे. जनुक चालू झालं की त्याची नक्कल निघते, ती म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होतं. पण आदेश निघाला म्हणजे काम झालं, असं आपण मराठी माणसं कधीच मानत नाही. मंत्रालयातून शासन निर्णय निघतो, तालुक्याला पोचतो आणि तिथला एखादा कारकून तो फायलींच्या ढिगात खाली सरकवून ठेवतो. पेशीतला हा कारकून म्हणजे मायक्रोआरएनए. साधारण बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. स्वतः कुठलंही प्रथिन बनवत नाही. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या कुशीत बसून तो संदेशवाहक आरएनएच्या शेपटाशी, म्हणजे प्रथिनाची कृती सांगून झाल्यावर उरलेल्या भागाशी, जोडी जमवतो. मग त्या संदेशाचं भाषांतर मंदावतं, आणि बहुतेकदा संदेशच कुरतडला जाऊन नाहीसा होतो.

हा कारकून सापडला तो एका अळीत. सी. एलेगन्स हा मातीतला कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात मोजून ९५९ कायिक पेशी. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन हे दोघे रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत या कृमीच्या वाढीचं वेळापत्रक अभ्यासत होते. लिन-४ हे जनुक बिघडलं की कृमी बाळपणातल्या पायऱ्या पुन्हा पुन्हा गिरवत बसतो. लिन-१४ निकामी झालं की उलटा प्रकार, पुढच्या पायऱ्या आधीच येतात. पुढे ॲम्ब्रोस हार्वर्डमध्ये लिन-४च्या मागे लागले, रव्हकन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लिन-१४च्या. ॲम्ब्रोस, रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबाउम यांनी लिन-४ भोवतीचा डीएनए छाटत छाटत आणला, तर शेवटी हाती आला बावीस अक्षरांचा तुकडा. त्यात प्रथिनाची कृती मावणंच शक्य नव्हतं. १९९२ साली दोन्ही प्रयोगशाळांनी आपापल्या अक्षरमाला एकमेकांना कळवल्या आणि दोघांनाही तेच दिसलं : लिन-४ची अक्षरं लिन-१४च्या शेपटातल्या अक्षरांशी जुळत होती. त्यासाठी कुठली आज्ञावली लागली नाही, कागद आणि डोळे पुरले.

इथे वाचकाने जरा थांबावं. जुळली, हे खरं. पण पूर्ण जुळत नव्हती, मध्ये मध्ये फुगवटे होते. असल्या अर्धवट जुळणीला कावळा-फांदी का म्हणायचं नाही? कारण साक्षीदार एक नव्हता. लिन-१४च्या शेपटात ती जुळणी एकदा नाही, सात जागी होती. त्याच कुळातल्या ब्रिग्से या दुसऱ्या कृमीत, जो फार पूर्वीच वेगळा झालेला आहे, तिथेही ती टिकून होती. आणि ज्या कृमींच्या लिन-१४चं शेपूटच तुटलं होतं, त्यांच्यात लिन-४ बिघडल्यासारखीच लक्षणं दिसत होती. वारंवारिता, उत्क्रांती आणि प्रयोग. पुढच्या तीस वर्षांत संगणकाने जे काही केलं ते या तीन साक्षींचंच मोठ्या प्रमाणावर केलेलं रूप आहे. म्हणून पुस्तकातलं दुसरं प्रकरण सबंध या १९९३ सालच्या दोन शोधनिबंधांवर खर्ची घातलं आहे. संपादकांना ते लांबलेलं वाटलं. मी एक ओळही कापू दिली नाही.

त्यानंतर सात वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कृमीची एक गंमत म्हणून ती बाजूला पडली. २००० साली रव्हकन यांच्याच प्रयोगशाळेत लेट-७ सापडलं आणि ते माशीपासून माणसापर्यंत जसंच्या तसं असल्याचं दिसलं, तेव्हा धावपळ उडाली. २००१ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात तीन गटांनी असे डझनावारी रेणू जाहीर केले आणि मायक्रोआरएनए हे नाव रूढ झालं. ॲम्ब्रोस आणि रव्हकन यांना नोबेल मिळालं ते २०२४ मध्ये.

आता संगणकाकडे वळू. मायक्रोआरएनएची सगळी बावीस अक्षरं सारख्या महत्त्वाची नसतात. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरं, ज्यांना मी या पुस्तकात 'बीज' म्हटलं आहे, ती लक्ष्याशी नेमकी जुळली की बरंचसं काम होतं. मग काय, वीस हजार जनुकांच्या शेपटांत ही सात अक्षरं शोधायची. शाळेतलं पोरसुद्धा चार ओळींची आज्ञावली लिहून शोधेल. पण हिशोब मांडा. अक्षरं चार, जागा सात. म्हणजे १६,३८४ वेगवेगळे शब्द. शेपूट सरासरी हजार अक्षरांचं धरलं तर वीस हजार जनुकांची मिळून दोन कोटी अक्षरं झाली. त्यांत कुठलाही सात अक्षरी शब्द, मायक्रोआरएनएशी त्याचा काडीचाही संबंध नसताना, बाराशेहून अधिक वेळा भेटणारच. तुम्ही हौसेने लिहिलेली चार ओळींची आज्ञावली बाराशे कावळे आणि बाराशे फांद्या हातात ठेवते. त्यातल्या एखाद्या जनुकाचं नाव ओळखीचं असतं, कर्करोगाशी जोडलेलं असतं, आणि कथा रचायला मन उतावीळ होतं.

२००३ मध्ये एमआयटीतल्या बेंजामिन लुईस, डेव्हिड बार्टेल, ख्रिस्तोफर बर्ज आणि सहकाऱ्यांनी 'टार्गेटस्कॅन' मांडलं, त्याचं मला कौतुक वाटतं ते याच ठिकाणी. त्यांनी खऱ्या मायक्रोआरएनएंबरोबर खोटे, अक्षरं पिसून तयार केलेले मायक्रोआरएनएही त्याच चाळणीतून घातले. खऱ्यांना किती लक्ष्यं सापडतात, खोट्यांना किती, हे शेजारी शेजारी ठेवलं. वर अट अशी की जुळणी माणूस, उंदीर आणि घूस या तिघांतही टिकलेली हवी. नुसता योगायोग असता तर कोट्यवधी वर्षांत ती अक्षरं केव्हाच बदलून गेली असती. एवढं करूनही आमच्या यादीतली अंदाजे ३१ टक्के लक्ष्यं खोटी असतील, असं त्यांनी शोधनिबंधाच्या सारांशातच छापलं. निवडक १५ लक्ष्यं प्रयोगाने तपासली, त्यांपैकी ११ना आधार मिळाला. आपल्या मालातली खोट दुकानाच्या पाटीवर लिहिणारा दुकानदार विरळाच. त्याच गटांनी पुढे आणखी प्राणी जोडून पाहिले. २००९ पर्यंत माणसाच्या प्रथिन-जनुकांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जनुकांत अशा जुळण्या उत्क्रांतीने जपून ठेवल्याचं त्यांनी दाखवलं.

तरीही उत्क्रांतीची साक्ष म्हणजे सगळं नव्हे. अमुक पेशीत तो मायक्रोआरएनए आणि तो संदेश एकाच वेळी हजर आहेत का, हे ती सांगत नाही. २००९ नंतर आर्गोनॉटला संदेशासकट अतिनील किरणांनी जखडून, मग तो नेमका कुठे बसला होता ते वाचण्याच्या पद्धती आल्या. त्यांच्यावरची दोन प्रकरणं तांत्रिक आहेत. घाई असेल त्यांनी ती गाळली तरी चालेल.

गाळू नये असं प्रकरण रोगांचं आहे. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोगाला आवर घालणारं एखादं जनुक असणार, म्हणून तिथलं एकेक प्रथिन-जनुक लोकांनी पालथं घातलं. हाती काही लागेना. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवलं की तिथे मिर-१५ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए बसलेले आहेत. शोधणारे प्रथिन शोधत होते आणि समोरचं जनुक प्रथिनाचं नव्हतंच. पुढे २००५ मध्ये हे दोन मायक्रोआरएनए बीसीएल-२ या पेशीला मरू न देणाऱ्या प्रथिनाला दाबतात, हेही त्याच गटाने मांडलं. कारकून गेला आणि नको ती फाईल वर आली.

माझं स्वतःचं आवडतं उदाहरण मात्र बहिरेपणाचं आहे. स्पेनमधल्या दोन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणं हळूहळू कमी होत जायचं. २००९ मध्ये कारण कळलं : मिर-९६च्या बीजातलं एक अक्षर बदललेलं. सबंध मानवी जनुकसंचात तीन अब्जांहून अधिक अक्षरं, त्यांतलं हे एक. त्याच वेळी इंग्लंडमध्ये केरन स्टील यांच्या गटाकडे बहिऱ्या उंदरांचा एक वाण होता, त्यालाही मिर-९६च्या बीजातच बदल निघाला. मग संगणकाचं काम आलं. उंदराच्या कानात ज्या जनुकांचे संदेश वाढले होते त्यांची शेपटं तपासली, तर त्यांत जुन्या बीजाशी जुळणारे शब्द अपेक्षेपेक्षा जास्त भरले. म्हणजे जुना लगाम सुटला होता. ज्यांचे संदेश घटले होते, त्यांत नव्या, चुकीच्या बीजाशी जुळणारे शब्द जास्त. म्हणजे भलत्यांनाच लगाम बसला होता. एका अक्षराने दोन याद्या बदलल्या, आणि दोन्ही याद्या संगणकाने वेगवेगळ्या ओळखल्या. 'अपेक्षेपेक्षा' या एका शब्दासाठी मी हे सांगते आहे. अपेक्षा किती होती हे मोजल्याशिवाय तो शब्द उच्चारता येत नाही.

याची दुसरी बाजू मेंढ्यांत दिसते. टेक्सेल जातीच्या मेंढ्या पिळदार मांसाच्या. त्यांच्या मायोस्टॅटिन जनुकाच्या शेपटात एक अक्षर बदललं आणि मिर-१ व मिर-२०६ यांना बसायला नवी जागा तयार झाली. मायोस्टॅटिन स्नायूंची वाढ रोखतं. तेच दबलं, स्नायू वाढले. बेल्जियममधल्या लिएजच्या गटाने २००६ मध्ये हे उलगडलं.

अशी ठळक उदाहरणं वाचून एक गैरसमज होतो, तो आधीच काढून टाकते. एरवी मायक्रोआरएनएचा हात हलका असतो. २००८ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी हजारो प्रथिनं मोजून पाहिली. एका मायक्रोआरएनएमुळे शेकडो प्रथिनं बदलतात, पण बहुतेक निम्म्यापर्यंतही घटत नाहीत. हा कुणाचा गळा दाबणारा रेणू नव्हे. म्हणून 'अमुक मायक्रोआरएनए म्हणजे तमुक रोगाची किल्ली' असं शीर्षक दिसलं की मी पान उलटते.

आता माझीच एक फजिती. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाकडून आलेल्या सीरमच्या नमुन्यांचे आकडे आम्ही तपासत होतो. रुग्ण आणि निरोगी यांच्यात मिर-४५१ आणि मिर-१६ यांचा फरक इतका स्वच्छ आला, की मी विद्यार्थिनीला पेढे आणायला सांगितले. तिने पेढ्यांऐवजी नळ्यांचे फोटो आणले. रुग्णांच्या नळ्यांतला सीरम गुलाबी दिसत होता. ते नमुने उन्हातून, हादरे खात आले होते. निरोगी माणसांचं रक्त वरच्या मजल्यावरच काढलेलं. मिर-४५१ आणि मिर-१६ तांबड्या पेशींत भरभरून असतात. त्या पेशी फुटल्या की दोन्ही सीरममध्ये उतरतात. आम्ही रोग मोजला नव्हता, रस्त्यावरचे खड्डे मोजले होते. सीरममध्ये सुटलेलं हिमोग्लोबिन ४१४ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. दोन मिनिटांची तपासणी. ती आता आमच्याकडे पहिल्या दिवशी होते.

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. दोन हजार मायक्रोआरएनए मोजले आणि प्रत्येकाला पाच टक्क्यांची रूढ कसोटी लावली, तर रोगाशी कशाचाच संबंध नसतानाही शंभर 'महत्त्वाचे' निघतील. मुळात दोन हजार तरी आहेत का? मिरबेस या मुख्य नोंदवहीच्या २०१८ सालच्या आवृत्तीत माणसाच्या १,९१७ नोंदी आहेत. कडक निकष लावणाऱ्या मिरजीनडीबीच्या मते त्यांतल्या पाचशेच्या आसपासच खऱ्या. बाकीच्यांत इतर आरएनएंचे तुकडे बरेच आहेत. तरीही त्या नोंदींवर शोधनिबंध निघतात.

भातप्रेमी वाचकांसाठी एक किस्सा. तांदळातला मिर-१६८ए जेवणातून माणसाच्या रक्तात उतरतो आणि यकृतातलं एक जनुक दाबतो, असा दावा चीनमधल्या नानजिंगहून आला आणि २०१२ मध्ये फार गाजला. दुसऱ्या प्रयोगशाळांना तसं आढळलं नाही. शिवाय वनस्पतींची अक्षरं अशा नमुन्यांतही सापडू लागली, जिथे ती जेवणातून पोचणं शक्य नव्हतं. उपकरणांतून होणारी भेसळ हे त्याचं सरळ कारण. वरणभात बिनघोर खावा.

यंत्र-शिक्षणाच्या प्रकरणात माझा सूर कडवट झाला आहे, तो मी सौम्य केलेला नाही. रोग आणि मायक्रोआरएनए यांच्या छापून आलेल्या जोड्यांचे संग्रह आहेत. पेकिंग विद्यापीठातला एचएमडीडी त्यांतला परिचित. या जोड्या शिकवून नव्या जोड्या वर्तवणाऱ्या आज्ञावल्या दर महिन्याला निघतात आणि अचूकतेचे आकडे डोळे दिपवणारे असतात. पण दर्शनाची रांग जिथे मोठी दिसते तिथेच माणसं जाऊन उभी राहतात. मिर-२१वर लोकांनी खूप काम केलं, म्हणून त्याच्या जोड्या खूप, म्हणून यंत्र नव्या कर्करोगासाठीही मिर-२१च सुचवतं, आणि कुणीतरी ते तपासून आणखी एक जोडी भरतं. यंत्र जीवशास्त्र शिकलं की संशोधकांच्या सवयी, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. काही माहिती लपवून ठेवून घेतलेली परीक्षाही इथे उपयोगी नाही, कारण लपवलेली माहिती त्याच रांगेतली असते.

सगळंच नैराश्याचं नाही. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाचे चार प्रकार आहेत आणि कुठला प्रकार यावर मुलाचं भवितव्य अवलंबून असतं. नवी मुंबईत, खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग-संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी काही प्रथिन-जनुकं आणि काही मायक्रोआरएनए मोजून हे प्रकार ओळखणारी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. विशेष म्हणजे ती फॉर्मॅलिनमध्ये राखून मेणात बसवलेल्या ऊतींवर चालते. आपल्याकडच्या रुग्णालयांत ताजी गोठवलेली ऊती क्वचित मिळते, मेणातली मात्र हमखास. अशा ऊतीत लांब संदेशांचे तुकडे पडतात. बावीस अक्षरांचा तुकडा मुळातच लहान, तो तग धरतो. गरज, साधन आणि रेणूचा स्वभाव यांची सांगड घातलेलं असं काम मला शंभर भाकितांपेक्षा मोलाचं वाटतं.

औषधांबद्दल अपेक्षा वाढवून ठेवणार नाही. हेपटायटिस सीचा विषाणू यकृतातल्या मिर-१२२च्या आधारावर जगतो; तो आधार काढून घेणारं मिराव्हिर्सेन रुग्णांत काम करतं असं २०१३ मध्ये दिसलं, पण ते बाजारात आलं नाही. मिर-३४ची नक्कल असलेल्या एमआरएक्स-३४ची कर्करोगावरची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियांत रुग्ण दगावले. ॲम्ब्रोस आणि रव्हकन यांना नोबेल मिळालं त्या वर्षापर्यंत एकही मायक्रोआरएनए-औषध मंजूर झालेलं नव्हतं.

परिभाषेबद्दल दोन शब्द. मायक्रोआरएनएला 'सूक्ष्म-आरएनए' करून पाहिलं. वर्गात कुणी वापरलं नाही, सोडून दिलं. बीज, लक्ष्य, शेपूट हे शब्द मुलांनी आपणहून उचलले, ते ठेवले. 'फॉल्स पॉझिटिव्ह'ला मी 'खोटा होकार' म्हणते. यापेक्षा बरा शब्द सुचल्यास अवश्य कळवावा.

पहिल्या प्रकरणाला संगणक लागणार नाही. चार चिठ्ठ्यांवर चार अक्षरं लिहा, डब्यात टाका आणि एकेक उचलून, लिहून, परत टाकून दोनशे अक्षरांची ओळ तयार करा. त्याआधी तीन अक्षरांचा एखादा शब्द मनात धरून बाजूला लिहून ठेवा. तो शब्द त्या ओळीत साधारण तीन वेळा भेटेल. तेवढाच भेटला तर पुढे वाचायला हरकत नाही. दहा-बारा वेळा भेटला तर आधी चिठ्ठ्या तपासा; एखादी डब्याला चिकटलेली असेल.